डब्यातला पाव

पावाच्या तुकड्याच्या कडेला लाखोळी डाळीच्या दाण्याएवढा हिरवट ठिपका होता. प्रेमिलाने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. ठिपक्याभोवती कापसासारखी पांढरी किनार. दुसऱ्या तुकड्यावर तीन ठिपके. डब्यातला एकही तुकडा कोरा नव्हता.

सहा दिवसांपूर्वी पाळकसाहेब कुरखेड्यापर्यंत आले होते. नाल्याला पूर म्हणून पुढे आले नाहीत. तिथेच त्यांनी पाव मोडला, आशीर्वाद मागितला, तुकडे डब्यात भरून पाठवले. सोबत निरोप : येत्या रविवारी प्रेमिलाबाईंनी फक्त वाटावे. प्रभुभोजनाची प्रार्थना म्हणू नये; ती दीक्षा घेतलेल्या पाळकानेच म्हणायची.

अकरा वर्षांपासून गावातली ही ख्रिस्ती मंडळी प्रेमिलाच सांभाळत होती. उपदेश तिचा, आजाऱ्याच्या उशाशी ती, वेदी झाडायलाही तीच. झाडू घेऊन वेदीवर चढायला तिला कधी कोणी अडवले नव्हते. धर्मशिक्षणाची पदवी होती. बायकांना पाळक होता येते, असा ठरावही झाला होता. तिचा दीक्षेचा अर्ज तेवढा कमिटीकडे विचाराधीन होता. त्याआधी नऊ वर्षे तिने आरोग्य केंद्रात मलेरियाचे रक्त तपासले. तिथे काचपट्टीवर जंतू असायचा किंवा नसायचा. विचाराधीन असा रकाना नव्हता.

"खुरचून घ्या न जी," मंडळीचे पंच खुशालभाऊ म्हणाले. "वरवरची तर आहे बुरशी."

"वर दिसते तेवढीच नसते, भाऊ. तिचे तंतू आत गेलेले असतात."

"पण आशीर्वादाचा पाव आहे तो!"

"बुरशीले सांगा मग," पहिल्या चटईवरून सुकरीबाई बोलल्या. "माह्या कोंबडीले टाकला तर तेही तोंड फिरवते. अन् प्रभूच्या नावानं मले चारून राह्यले?"

बायका हसल्या. खुशालभाऊ हसले नाहीत.

सुकरीबाईंनी पदराखालून फडके काढले. आत तांदळाची भाकर, सकाळीच थापलेली. सात महिने पाळक गावात आले नव्हते, त्यांना प्रभुभोजन मिळाले नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही. "पोरी, हे घे. मी आता पाळकाची वाट पाहू का वरच्याची?"

प्रेमिलाने भाकर घेतली. ऊन होती अजून.

खुशालभाऊ जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. आज हे केलं तर मले कमिटीले कळवाच लागन. तुमचा कागद कायमचा जाईन. नौकरी बी जाईन. अकरा वर्षं थांबल्या, अजून एक महिना थांबाले काय होते?"

ते वाईट माणूस नव्हते. हेच वाक्य प्रेमिला दर वर्षी स्वतःलाच सांगत आली होती. पहिली काही वर्षे तिला तो संयम वाटायचा. मग त्याची सवय झाली. आणि सवय आतून किती पोखरते, ते वरून दिसत नाही.

तिने डब्याचे झाकण लावले. खाली वाकून चपला काढल्या आणि वेदीची पायरी चढली. हातात झाडू नव्हता. पांढऱ्या कापडावर तिने भाकर ठेवली, मनुकांच्या रसाचा पेला शेजारी सरकवला.

"प्रेमिलाबाई, खाली उतरा," खुशालभाऊ म्हणाले. "काऊन ऐकत नाई?"

"अकरा वर्षं ऐकलं, भाऊ." तिने मंडळीकडे पाहिले. सुकरीबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. "कमिटीला तुम्ही कळवू नका. मीच लिहीन, सहीनिशी. लिहीन की, प्रार्थना मी म्हटली, भाकर मी मोडली. आणि यापुढे दर महिन्याला मीच मोडणार."