स्वेच्छेने माघार

“ऑरगॅनिक केमिस्ट्री कुठे केलीय हिने?” बोटाला लागलेली डोनटची साखर चाटत डॉक्टर हेन्सनी विचारलं आणि तेच ओलं बोट फाइलवर टेकवलं.

“काउंटीच्या सरकारी कॉलेजात, उन्हाळ्यात. ए ग्रेड मिळालाय,” मी म्हणाले.

“तिथे काय, कोणालाही मिळतो.”

समितीतले बाकीचे दोघे प्राध्यापक हसले. जोलीन स्टिडमची फाइल उजवीकडून डावीकडच्या ढिगात गेली. डावीकडे म्हणजे मेडिकलच्या अर्जाला कॉलेजचं शिफारसपत्र नाही.

मी लेनोर ड्वोराक. ओहायोतल्या या लहानशा कॉलेजात, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांसाठी जी समिती आहे, तिची मी सव्वीस वर्षं कारकून आहे. कोणी कोणते विज्ञानविषय घ्यावेत, कधी आणि कुठे घ्यावेत, हे सांगणं खरं तर समितीचं काम. पण प्राध्यापकांना वेळ नसतो आणि मुलं माझ्या टेबलाशी येतात. जोलीनही तशीच आली होती. आमच्याकडे ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल मंगळवार-गुरुवार एक ते पाच आणि तिची वृद्धाश्रमातली पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची. घरात आई आजारी, पगार हिचाच.

“नोकरी सोडू का, मिसेस ड्वोराक?” तिने विचारलं होतं.

“वेडी आहेस का? उन्हाळ्यात काउंटीच्या कॉलेजात कर. पुस्तक तेच, प्रयोग तेच.”

म्हणजे सल्ला माझा होता. बाहेर शिकायच्या परवानगीच्या अर्जावर सही मात्र हेन्सची होती. तो कागद मी बैठकीत मुद्दाम घेऊन गेले होते. पुढे सरकवला.

“डॉक्टर, ही तुमचीच सही.”

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “सही परवानगीची आहे, लेनोर. शिफारस वेगळी. कठीण विषयापासून पळणारी मुलगी उद्या पेशंटपासून पळेल.” मग थर्मास हलवून पाहिला. “कॉफी संपली वाटतं.”

आठ-आठ तास म्हाताऱ्यांची अंगं पुसणारी मुलगी पेशंटपासून पळेल म्हणे! माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी थर्मास उचलला आणि कॉफी आणायला गेले.

आमच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: आमच्या अर्जदारांपैकी चौऱ्याण्णव टक्के मेडिकलला जातात. आईबाप तो आकडा वाचूनच मुलांना इथे घालतात. आकडा खोटा नाही. फक्त ज्याच्याबद्दल थोडीशीही शंका वाटते, त्याला अर्जदार होऊच द्यायचं नाही, एवढंच. नकारही द्यायचा नाही, कारण नकार दिला की नोंद होते. त्याला बोलावून, गोड बोलून, एका चिठ्ठीवर सही घ्यायची: ‘मी या वर्षी स्वेच्छेने माघार घेत आहे.’ ही सही घ्यायचं काम माझं. माझा चेहरा कोणाच्याही आईसारखा आहे, असं हेन्स एकदा म्हणाले होते. कौतुक म्हणून म्हणाले. आज ते आठवलं तरी किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोलीन आली ती हसतच. कामाचा निळा झगा अंगात, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

“मिळाली बघा जागा!” ती म्हणाली. “बायोकेमिस्ट्रीची, आपल्याच कॉलेजात. मंगळवार-गुरुवार दुपारी. वृद्धाश्रमातल्या आमच्या बाईंच्या मागेच लागले, पाळी पहाटेची करून घेतली. आता कोणी म्हणणार नाही, पोरगी बाहेरून शिकून आली म्हणून.”

मी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. तिने ती दोनदा वाचली. सँडविच कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

“काउंटीच्या ऑरगॅनिकमुळे?”

“हो.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून केलं होतं मी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मला माहीत आहे, पोरी.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर अर्ज तुझा तुला करता येईल. पत्राशिवाय.”

“असं कोणी गेलंय का? पत्राशिवाय, इथून?”

गेला होता. ऑर्विल टीग. नऊ वर्षांपूर्वी त्याने याच टेबलाशी चिठ्ठी फाडली होती. आज टोलेडोत मुलांचा डॉक्टर आहे, दर नाताळात मला कार्ड पाठवतो. गेल्या खेपेचं कार्ड माझ्या खणात होतं, जोलीनच्या हातापासून वीतभर अंतरावर.

“नाही आठवत,” मी म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. कोणी ऐकत नव्हतं, हेन्स तर इमारतीतसुद्धा नव्हते. सव्वीस वर्षं जे वाक्य बोलत आले, तेच बाहेर पडलं. हेन्सची शिसारी येते असं मी आल्यागेल्याला सांगत असते. त्या सकाळी ते माझ्यापेक्षा बरे होते. त्यांना निदान ती मुलगी माहीत नव्हती.

जोलीनने सही केली. अक्षर सुरेख, तारीखसुद्धा न विसरता घातली.

“मग बायोकेमिस्ट्रीतली माझी जागा काढून टाका ना,” ती उठत म्हणाली. “तीस पोरं वाट बघतायत. मला नुसती छंद म्हणून काय करायचीय? कोणाच्या तरी कामी येईल.”

“राहू दे आठवडाभर. विचार कर.”

“नको. आठवडाभरात पुढच्या नंबरच्या पोराने दुसराच विषय घेऊन टाकला तर?” तिने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. “थँक यू, मिसेस ड्वोराक. तुम्ही नेहमी चांगलंच वागलात माझ्याशी.”

मी संगणकावर तिचं नाव काढलं. जिन्यावरून तिची पावलं अजून ऐकू येत होती, तेवढ्यात प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव त्या जागी येऊन बसलं.