मी रंग लावून घेणार नाही

मी सिनेमाची पेटी बोलतेय. जरा अदबीनं ऐका, माझ्यात धोंडिबांच्या सात सिनेमांची रिळं आहेत, सगळी काळीपांढरी. मावळात गावोगाव त्यांचा सिनेमाचा तंबू लागायचा. रंगीत सिनेमे आले, लोक तिकडे वळले आणि तंबू गुंडाळला. सिनेमे टाकवेनात, म्हणून सदुसष्ट साली त्यांनी लोणावळ्यात अंबाजीशेठच्या पेट्यांच्या कारखान्यात मला करायला सांगितलं.

शेठचा हुकूम होता, झाकणावर नटी हवी, ओठ लालभडक, लुगडं हिरवंगार. नेमका पेंटर मारुती तापानं पडला. तोवर झाकणाला काळ्या रंगाचं अस्तर द्यायचं काम कारखान्यातल्या चिमाबाईकडे आलं. ती आंदर मावळातल्या ठाकरवाडीची, लग्नाघरी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढणारी. अस्तर वाळलं आणि बाईला राहवेना. काडीला चिंधी गुंडाळून तिनं पांढऱ्या रंगात तंबू काढला, भुईवर बसलेली पाठमोरी माणसं काढली, आणि समोरचा पडदा कोराच ठेवला. नटीबिटी काही नाही! मला तर बाई फार आवडलं.

शेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मारुती आला की हे सगळं पुसायचं, म्हणाले.

चिमाबाई हलली नाही. "शेठ, तंबूत बघताना सिनेमातल्या बाईचं लुगडं मला हिरवं दिसलं, माज्या सासूला तांबडं. तुमी एकच रंग दिला, तर बाकीच्यांनी काय बघायचं?"

शेठ म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नकोस.

"न्हाई येत. पर हिला रंग लावू नगा."

हात धुऊन ती गेली. मला असा संताप आला, पण पेटीला कुठले हातपाय!

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या आधी धोंडिबा आले. झाकणावरून बोट फिरवत किती वेळ बघत राहिले. "ही माजीच माणसं हायेत," म्हणाले. "एक ठिपका रंग लावला, तर पेटी ठेवा तुमच्याकडंच." मग विचारलं, केली कुणी?

"आमच्या कारखान्यानं," शेठ म्हणाले. बघा, जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

याला आता दहा वर्षं झाली. माझे कोपरे झिजलेत, बिजागरी कुरकुरते. धोंडिबांच्या घरी येणारे जाणारे म्हणतात, जरा रंगवून घ्या हिला. खबरदार! माझ्यावर कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकलीय, ती खोटं बोलते. मला चिमाबाईनं केलं. आत सिनेमे आहेत, खुशाल काढून बघा. पण आधी तिचं नाव घ्या, मग झाकणाला हात लावा.