डोंगर नेहमी थोडा गार

झाकण हिरवंच होतं... थर्मास राखाडी, कडी राखाडी, खालची बैठकसुद्धा राखाडी, आणि वर हे हिरवं — दुसऱ्याच कुणाची टोपी घालून घरी आल्यासारखं. ते धड बसायचंही नाही. मूळचं झाकण एका फिरकीत घट्ट व्हायचं, याला अर्धी फिरकी जास्त लागायची. तिने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आतली रबरी चकती नवी होती. कँटीनमध्ये अदलाबदल झाली असेल, असं नवरा हिवाळ्याच्या तोंडाशी, घाट बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या फेरीवरून आला तेव्हा म्हणाला होता, आणि तेही इतक्या सहज, तिने विचारायच्या आधीच. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस कधी देतो? आणि कँटीनमधल्या झाकणाला नवी चकती कोण बसवतं? रबर झिजलंय, चहा गळतोय, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. कुणीतरी दुकानात जाऊन मापाची चकती शोधून आणली होती. कँटीनवाले एवढी काळजी घेत नाहीत.

"भरलास का चहा?" त्याने बाथरूममधून विचारलं.

"भरतेय."

"आणि आज तुमचा वसंताचा अंदाज ना? घाट कधी उघडतोय ते बघ जरा."

बघ जरा... जणू घाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये, लिपस्टिक आणि सुट्ट्या नाण्यांच्या मध्ये कुठेतरी पडलेली असते. पण तसं पाहिलं तर ती असतेच. तो बसचा ड्रायव्हर. हिवाळाभर खिंड बर्फाखाली असते, तेव्हा त्याला किनाऱ्याचा रस्ता देतात आणि तो रोज दिवेलागणीला घरी येतो. घाट उघडला की त्याची बस डोंगरापलीकडे जाते आणि एक दिवसाआड त्याचा मुक्काम तिकडेच पडतो. आणि घाट केव्हा उघडायचा, बर्फ काढायची यंत्रं केव्हा वर पाठवायची, हे रस्ते विभाग तिच्या हवामान कार्यालयाने दिलेला तीन महिन्यांचा अंदाज पाहून ठरवतो. किनाऱ्याचा आणि डोंगराचा. दोन्ही भाग लिहिते ती.

तो शीळ घालत बाहेर आला. हिवाळाभर तो शीळ घालत नाही. निदान तिला तरी आठवत नव्हतं... की घालतो, आणि आपणच मार्च लागला की कान टवकारतो? मी संशयी बाई नाही. माझी आई होती तशी. वडिलांच्या खिशातली बसची तिकिटं चष्मा लावून वाचायची. मी तेव्हाच कानाला खडा लावला होता. त्याच्या खिशात मी कधी हात घातला नाही. झाकण तर काय, समोरच असतं.

"येतो गं," तो म्हणाला. नाकासमोर चालणारा माणूस आहे तुझा नवरा, असं तिला सगळे सांगतात, आणि नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या पाठीमागे काय चाललंय हे कोण बघायला जातं? जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज उतरत गेला, आणि मधल्या वळणावर जरासा थांबला. फोन आला असेल. लेस सुटली असेल. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, मग आवाज पुन्हा सुरू झाला.

कार्यालयाच्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत आणि हवा स्वच्छ असली तर त्यांच्या मागे, फार मागे, डोंगराची पांढरी कड. आज ती दिसत होती. टेबलावर संगणकाच्या हवामान-मॉडेलचे नकाशे येऊन पडले होते. किनाऱ्याबद्दल वादच नव्हता — समुद्राचं पाणी सरासरीपेक्षा गरम, म्हणजे सकाळी धुकं, दुपारी वारं, उकाडा लवकर. हा भाग तिने चहा गार व्हायच्या आत लिहून टाकला. डोंगराकडे आल्यावर पेन थांबलं. मॉडेल म्हणत होतं, डोंगरही उबदार. बर्फ लवकर वितळेल, त्यावर पाऊस पडला तर दरडी सुटतील, यंत्रं लवकर पाठवा. खिंडीवरचं तापमापक मात्र म्हणत होतं, गार. आठवडाभर गार.

तिने त्या तापमापकाचा आलेख पुढे ओढला. तापमान दिवसा चढतं, रात्री उतरतं, कुठल्याही जिवंत जागी चढतं-उतरतं. इथे रेघ सरळ होती, दुपार नाही की पहाट नाही. असं केव्हा होतं हे इथे नवीन लागलेला शिकाऊसुद्धा सांगेल — बर्फ साचत साचत खांबावर चढतं आणि यंत्र गाडलं जातं. मग ते हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःभोवतीच्या बर्फाचं सांगत बसतं. हे तिला कळत होतं. कळत असताना तिने लिहिलं: डोंगराळ भागात तापमान सरासरीहून कमी, हिमवर्षावाचा काळ लांबण्याची शक्यता... आणि लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं, आणि का वाटलं याची चौकशी तिने केली नाही.

बैठकीला इनमिन दोघंच, ती आणि मोठे साहेब. साहेबांना सगळं कार्यालय पाठीमागे 'कदाचित' म्हणतं, कारण धो धो पाऊस पडत असला तरी ते खिडकीबाहेर हात काढून 'कदाचित पाऊस आहे' असं म्हणतील. निवृत्तीला आले होते. ताकास तूर लागू न देता सगळी नोकरी निभावली असं लोक म्हणत, पण तिला ते आवडत. निदान ज्याची खात्री नाही त्याची खात्री ते देत नसत.

"डोंगर गार?" त्यांनी चष्मा वर केला. "मॉडेल तर उलटं सांगतंय, बाई."

"मॉडेलला खिंड कळत नाही. तिथलं यंत्र गार दाखवतंय."

"यंत्र बरं आहे ना?"

"बरं आहे," ती म्हणाली.

बरं आहे. दोन शब्द, इतक्या सहज... तिच्या कानाला ती सहजता ओळखीची वाटली, पण कुणाची ते लगेच आठवलं नाही.

साहेबांची दरवर्षीची एक खोड होती. नवा अंदाज पाठवण्याआधी ते जुने अंदाज आणि खरंच झालेलं हवामान शेजारी शेजारी ठेवून बघत, आणि शाळेतल्या मास्तरांसारखे मान डोलवत. आजही डोलवली. मग हसले.

"तुमचा किनारा अचूक असतो, बाई. कदाचित माझ्यापेक्षा अचूक. पण डोंगर नेहमी थोडा गार."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. प्रत्येकाचा हात कुठेतरी झुकतोच. माझा पावसाकडे झुकायचा. घरात कपडे वाळत नसत ना." ते आपल्याच विनोदावर पुन्हा हसले. "तुमचा थंडीकडे. तोही फक्त डोंगरावर."

"केव्हापासून?"

"झाली असतील चार वर्षं. त्याआधी नव्हतं तसं. त्याआधी तुमचा डोंगरसुद्धा चोख."

ती कागद घेऊन आपल्या टेबलाशी आली आणि ते उगाच सारखे करत बसली. चार वर्षं. चार वर्षांपूर्वी त्याला घाटाची फेरी मिळाली होती. पण झाकण तर यंदाचं! हिवाळाभर मी सगळा हिशोब झाकणापासून मांडत आले — झाकण, मग शीळ, मग पलीकडच्या बाजूचं नाव न घेता 'तिकडे' म्हणायची त्याची सवय, मग जिन्यातलं थांबणं. आधी पुरावा, मग संशय. अशी माझी रीतसर समजूत. आणि हात मात्र चार वर्षांपासून बर्फ लिहीत होता. तेव्हा काय होतं? तेव्हा काहीसुद्धा नव्हतं. पहिल्या मुक्कामावरून तो आला होता, गाल उन्हाने भाजलेले, आणि बूटही न काढता सांगत सुटला होता की वरती हवा काय असते, श्वास घेतला की पोटापर्यंत जातो, आणि माणसं रस्त्यात बस थांबवून 'तुझं कसं काय' विचारतात... ती जेवण वाढत होती. आपल्याला तेव्हा आनंद झाला होता असंच तिला आजवर वाटत होतं. ती तो आनंद शोधू लागली. ताट आठवलं, वाफ आठवली, त्याचे भाजलेले गाल आठवले. आणि त्याच्याकडे बघता बघता, हा इथे माझ्यासमोर बसून इतका कधी बोलला होता, असं आपल्या मनात आल्याचंही आठवलं.

तेवढंच. त्यात पाणी मुरण्यासारखं काय होतं? एक माणूस खुशीत घरी आला, आणि त्याच्या बायकोने चार वर्षं डोंगरावर बर्फ पाडलं. पलीकडे दवाखान्याची वाट बघणारी माणसं असतील, शाळेसाठी अडकलेली पोरं असतील. दर वसंतात ती सगळी माझ्या हाताच्या झुकण्याखाली आठ-पंधरा दिवस जास्त कोंडून राहिली असतील. तिला स्वतःची लाज वाटली, सरळ सरळ लाज. पण लाज वाटता वाटताच दुसरीकडून शंकेची पाल चुकचुकली: म्हणून काही त्याचं झाकण राखाडी होत नाही.

तिने फोन उचलला. "साहेब, खिंडीवरचं यंत्र गाडलं गेलंय. रेघ सरळ आहे. मघाशी मी... माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आकडे काढून मी पुन्हा लिहिते."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. त्यांना सगळं कळलं की काय? की ते चहा पीत होते?

"कदाचित तेच बरं होईल," ते म्हणाले.

नवा मजकूर लिहायला वेळ लागला नाही. डोंगराळ भागात तापमान सरासरीहून जास्त, बर्फ लवकर वितळेल, यंत्रं लवकर पाठवावीत, दरडींपासून सावध राहावं. रस्ते विभागाला पाठवला, बंदराला पाठवला. आता हे तरी खरं आहे का? आकडे खरे आहेत. पण लिहिणारी? आपण चोख आहोत हे दाखवायला लिहिलं, की घाट उघडून द्यावा, त्याला जाऊ द्यावं आणि मग बघावं, म्हणून? सापळा लावणाराही दार उघडंच ठेवतो. ती बराच वेळ क्रेनकडे बघत राहिली. एक क्रेन रिकामाच हूक वर-खाली करत होती, आणि तिला उगाच वाटलं की तो चालवणारा इकडेच बघतोय.

घरी आली तेव्हा तो पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसला होता आणि घड्या घालत होता. तिची ओढणी त्याने नेहमीसारखीच चुकीची दुमडली होती. ती दारातच थांबली. आता सांगायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. डोळे, ओठ, हात... आनंद आधी कुठे उमटतो? हात थांबतील. नाही, जास्त भरभर चालतील.

"काय म्हणतोय मग घाट?" त्याने विचारलं.

"लवकर उघडेल," ती म्हणाली. "यंदा लवकर."

त्याचे हात थांबले. पण आनंदाने नव्हे; तो बोटांवर काहीतरी मोजत होता आणि मोजून झाल्यावर त्याने चक्क तोंड वाकडं केलं.

"तुझ्या लवकरच्याही पंधरा दिवस आधी? मग तर बस आत्ताच गॅरेजला टाकायला हवी. ब्रेक बघायचेत, बर्फासाठी चाकांच्या साखळ्या..."

"माझ्या लवकरच्या आधी म्हणजे?"

"अगं, तू नेहमी उशिराचं सांगतेस ना. मी त्यातून पंधरा दिवस वजा करतो. बरोबर येतं; बर्फ वितळलेलं दिसलं की रस्तेवालेही घाईघाईने यंत्रं वर पाठवतात. आता तर डेपोतले सगळेच करतात, वहिनींचा अंदाज उणे पंधरा." तो हसला, आणि ते हसू साधं होतं. की दिसायला साधं होतं?

"केव्हापासून?"

"पहिल्या वर्षापासूनच की."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

त्याने शर्टाच्या बाह्या मागे घेतल्या, कॉलर बसवली, आणि घडी ढिगावर ठेवताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "काय बोलायचं त्यात? मला वाटलं, तुला माहीत आहे."

त्याने पुढचा कपडा उचलला. ती तिथेच उभी. माहीत आहे... काय माहीत आहे? उशीर? की उशिरामागचं? पहिल्याच वर्षी, जेवताना, वरच्या हवेचं सांगत असताना त्याने मान वर केली होती का, आणि वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर काही बघितलं होतं का — आणि तेव्हापासून 'तिकडे' म्हणायला लागला का? हिवाळाभर ती त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. पण तोही तिच्याकडे बघत असेल, आणि तिच्याही आधीपासून बघत असेल, मोजत, वजा करत, समजून घेत, की नुसता सवय करून घेत, हे तिच्या गावीही नव्हतं. विचारायचं तर कुठून विचारायचं? जे विचारायचं होतं ते झाकणाबद्दल होतं, आणि आता ते झाकणाबद्दल राहिलं नव्हतं.

"यंदा वजा करू नकोस," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. बघतच राहिला, आणि ती नेहमीसारखी त्याचा चेहरा वाचायला गेली तर तिला काहीच दिसेना. आपल्या स्वतःच्या चेहऱ्यावर आत्ता काय चाललं असेल, एवढंच मनात येत राहिलं, आणि तो चेहरा कुठे ठेवावा हे तिला सुचेना.