फटीतली शीळ

आपल्या हातची कवळी तोंडात हलणार नाही म्हणजे नाही, असं कवळीवाली छातीठोकपणे सांगायची. बढाई म्हणा हवं तर, पण तिच्या दुकानात कवळी परत घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. आता मात्र गाठ सख्ख्या बापाच्या तोंडाशी होती.

बाप रंगारी. उभा जन्म शिडीवर काढला, आणि दर गुरुवारी दुपारी लेकीच्या दुकानासमोरच्या हॉटेलात चीजबर्गर खाल्ला. पाच महिन्यांपूर्वी उरलेसुरले दात काढले आणि गडी हॉटेलाची पायरी चढेना. कारण तिथल्या मावशीचा नियम: बर्गरला सुरी लावायची नाही. हातात धरायचा आणि चावायचा, जमत नसेल त्याने सूप मागवावं. "सूप प्यायला मी काय आजारी आहे?" असं रंगारी फणकाऱ्याने म्हणायचा, आणि घरी बसून गुपचूप सूपच प्यायचा. हळूहळू बोलणंही कमी झालं. कुणी आलं की तोंडावर हात. लेकीच्या जिवाला ते फार लागायचं.

त्या गुरुवारी तिने कवळी बसवली आणि बापाला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

"अगं, सगळ्यांसमोर निघून पडली तर?"

"तर उद्यापासून शिडीवर मी चढते, बाबा. चला."

मावशी नेहमीसारखी गिऱ्हाइकांकडे पाठ करून तव्यापाशी उभी होती. डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघरत होता.

"आलात? मला वाटलं, गेलात की काय वर."

"दात काढले होते."

"म्हणजे? आधी काय कमी काढायचात?"

रंगारी हसला, पण हात तोंडावर गेलाच.

मावशीने खिम्याची टिक्की तव्यावर दाबली. कडा कुरकुरीत झाल्यावर उलटली, वर चीज ठेवून झाकण टाकलं. बन लोण्यात भाजला. कांदा, व्हिनेगरमधली काकडी, बस्स. बशी समोर आली तेव्हा चीज कडेवरून ओघळत होतं.

रंगाऱ्याने बर्गर दोन्ही हातांनी उचलला आणि चावला. लेकीचेच जबडे आवळले गेले. बन तुटला, टिक्की तुटली, कवळी जागची हलली नाही! बापाने डोळे मिटून सावकाश चावलं, गिळलं. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

मग त्याने ओठांचा चंबू केला. फुस्स. पुन्हा केला. फुस्स.

तव्यावरचं उलथनं थांबलं. मावशी वळली. "काय बिघडलं? मीठ कमी आहे?"

अरे देवा! लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंगाऱ्याच्या वरच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती. पहिला घास उतरला की त्या फटीतून तो एक शीळ घालायचा. मावशी कधी "कसा झालाय?" म्हणून विचारायची नाही, पंख्याच्या घरघरीतून शीळ ऐकू आली की समजायची, जमलं. आणि लेकीने ती फट मिटवून टाकली होती. फट म्हणजे दोष, असंच तिचा धंदा शिकवतो. शिवाय तीच फट तिच्याही दातांत होती. शाळेत पोरांनी चिडवलं, तेव्हापासून ती ओठ मिटून हसायची.

"मीठ बरोबर आहे हो," रंगारी घाईघाईने म्हणाला. "पोरीने सुंदर दात केलेत. शीळ काय, वाजली काय, नाही वाजली काय." चेहरा मात्र एवढासा झाला होता.

"बाबा, आ करा."

"इथे?"

"इथेच. मावशी, बर्गरवर झाकण ठेवा. ही गेले आणि ही आले."

कवळी रुमालात गुंडाळून तिने दुकान गाठलं. दात काढण्याआधी घेतलेला बापाच्या दातांचा साचा फळीवरच होता. तो समोर ठेवला, पातळ चकती फिरवली आणि आपणच सरळ बसवलेल्या दोन दातांमध्ये जराजरा करत फट पाडली. कड घासून गुळगुळीत केली, कवळी धुतली आणि ती परत हॉटेलाकडे धावली.

मावशी तवा सोडून रंगाऱ्यासमोर उभी होती, कुणाला त्याचं तोंड दिसू नये अशी. दोघांच्या वाटचं एकटीच बोलत होती. लेक आल्यावर ती काही न विचारता तव्याकडे गेली.

कवळी बसली. रंगाऱ्याने झाकण काढून दुसरा घास घेतला. चावला, गिळला, चंबू केला. आधी नुसती हवा आली, आणि मग खणखणीत शीळ! पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"हां," मावशी म्हणाली आणि दुसरी टिक्की तव्यावर टाकली.

"ही कुणाला?" कवळीवालीने विचारलं.

"तुला. सुरी मिळणार नाही."

गरम बर्गर, ओघळणारं चीज, आणि शेजारी बाप टक लावून बघतोय. तिने मोठा घास घेतला.

"वाजव की गं!" बाप म्हणाला.

"मला नाही येत, बाबा."

"फट माझीच आहे ना? मग येईल."

तिने ओठ पुढे केले. शीळ कसली, केटलीचा सूं आवाज झाला. पण झाला. आणि ती चारचौघांत दात काढून हसत सुटली.

"दोन ऐकू आल्या," मावशी मागे न वळता म्हणाली.