शांताबाईच्या गाडीतली टकटक

शुक्रवारी सकाळी सौंसरात अंकुशच्या दारासमोर एवढी गर्दी झाली, की संत्र्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशीच अडकला. ड्रायव्हरनं दोन-चार शिव्या दिल्या, मग तोही उतरून गर्दीत घुसला. पांढुर्ण्याहून मोटारसायकली आल्या होत्या. बायांनी लेकरं खांद्यावर घेतली होती. आणि हे सगळे बघत काय होते, तर एक जुनी पांढरी कार. इंजिन चालू, एसी चालू, चारही काचा खाली, आणि डॅशबोर्डाच्या पोटातून आवाज येत होता. टक. टक-टक. टक.

पुढच्या सीटवर हिरामणबाबा बसले होते. भगवं उपरणं, बोटांत चार अंगठ्या, सकाळीसुद्धा काळा चष्मा. त्यांनी डॅशबोर्डावरच्या पितळी मारुतीच्या डोक्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले. टकटक बंद! तळवा उचलला. टक-टक-टक.

"जय हो!" गल्ली दणाणली. शेजारच्या नत्थूजींनी तर उपरण्यानं डोळे पुसले.

"ही साधीसुधी आत्मा नव्हे," बाबा चढ्या आवाजात सांगू लागले. "ही कंपनात्मा! ही लोखंडात राहते, पेट्रोलवर जगते. मी विचारलं, बाई, तुला काय पाहिजे? म्हणाली, या घरची म्हातारी! नागपूरच्या मशिनी रक्त धुतील हो, पण आत्मा कोण धुणार?"

लोकांनी माना डोलावल्या. पेट्रोलवर जगणारी आत्मा भाव वाढले की काय करते, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ती 'म्हातारी' म्हणजे अंकुशची आई शांताबाई. दारातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिचा जीव घाबरत होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नागपूरला डायलिसिस. एसटीचे धक्के सोसेनात म्हणून अंकुशनं ही सेकंडहँड गाडी घेतली होती. महिन्याभरापूर्वी गाडीत टकटक सुरू झाली, आणि सोमवारी कोणीतरी हिरामणबाबांना घेऊन आलं. बाबांनी हुकूम सोडला: एकवीस दिवस म्हातारीनं गावची शीव ओलांडायची नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीत बसली तर आत्मा त्या गाडीत शिरेल. आणि ही गाडी तेवढे दिवस बाबांच्या मठात उभी राहील, किल्लीसकट. आज बाबा ती न्यायलाच आले होते.

मंगळवार चुकला. शांताबाईचे पाय सुजून पपईएवढे झाले. काल नागपूरहून फोन आला होता, शुक्रवारी एक वाजता या, आता एकही दिवस लांबवू नका.

हे सगळं अंकुशची बायको वैशाली दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. बिचारी पार थकून गेली होती. पाचला उठायचं, सासूचा अळणी स्वयंपाक वेगळा करायचा, तिचं पाणी गिलासानं मोजायचं, मग शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसायचं. मंगळवारी ती नवऱ्याशी भांडली होती, सासूच्या पाया पडली होती. आज भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. ती नुसती बाबांच्या हाताकडे बघत राहिली.

बाबांनी तिसऱ्यांदा तळवा ठेवला तेव्हा तिला दिसलं. हा माणूस हात ठेवत नव्हता, दाबत होता. चांगला मनगटापासून जोर लावून.

अगं बाई! हे तर ती रोज करत होती. मशीन खडखडायला लागली की ती फळीवर हात दाबून बघायची. जिथं दाबल्यावर आवाज थांबेल तिथला स्क्रू सैल. बारा वर्षं तिनं कुठल्याही मिस्त्रीला बोलावलं नव्हतं.

ती गाडीपाशी गेली. "बाबा, जरा उतरता का?"

"बाई, आत्मा खवळेल!"

"खवळू द्या. मीही खवळूनच राहिली आहे चार दिवसांपासून." मग ती सासूकडे वळली. "आई, या. माह्या खांद्यावर हात टाका."

"नाही व माय, मले भेव लागते," शांताबाई म्हणाली.

"मी हाय ना सोबत. एकडाव माहं ऐका."

अंकुश मधे आला. "काय करून राहिली तू? लोक पाहून राहिले ना!"

"पाहू द्या. बाबांचंच पाहतात का नुसतं?"

तिनं सासूला पुढच्या सीटवर बसवलं आणि तिचा सुजलेला हात मारुतीच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "दाबा, आई. जोरात."

टकटक बंद झाली.

"आता सोडा."

टक. टक-टक.

शांताबाईनं आपणहून पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. लहान पोराच्या हाती खुळखुळा यावा तशी चार वेळा करून बघत राहिली. मग वैशालीनं नत्थूजींना दाबायला लावलं, ट्रॅक्टरवाल्यालाही लावलं. कोणीही दाबा, आत्मा गप्प.

वैशालीनं मशीनचा पेचकस आणून मारुतीखालचा स्क्रू काढला. चांगला दोन इंच लांब निघाला. टोक घासून चकचकीत झालेलं.

"हा कुठून आला?" तिनं विचारलं.

अंकुशनं शेवटी कबूल केलं. जामसांवलीच्या मारुतीच्या देवळातून मूर्ती आणली होती, ती त्यानं चिकटपट्टीनं लावली. पण उन्हात गोंद वितळून मूर्ती वळणावर खाली पडली. देव पायाशी पडला, अपशकुन झाला, म्हणून त्यानं कोणाला न सांगता डॅशबोर्डाला भोक पाडलं आणि घरात सापडला तो दरवाजाच्या बिजागरीचा स्क्रू पिळून बसवला.

"भोक सैल झालं," वैशालीनं सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. "एसी लावला की इंजिन हादरते, मूर्ती हलते, आणि स्क्रूचं टोक आतल्या पत्र्यावर आपटते. वरून दाबलं की हलणं बंद, आवाज बंद. एवढंच हाय."

तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, मूर्तीखाली घातला, शेजारी नवं भोक पाडून त्यात आखूड स्क्रू पक्का पिळला. इंजिन चालू, एसी चालू. आवाज नाही.

ट्रॅक्टरवाला बाबांना निरखत होता. "काहो, छिंदवाड्याच्या दुकानात गाड्यायले टेप बसवत होते, थे तुमीच ना? माह्या मामाच्या जीपलेबी तुमीच बसवला होता."

म्हणजे डॅशबोर्डाच्या पोटात काय असतं, हे बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! पण बाबा कसले वस्ताद. ते दोन्ही हात वर करून गरजले, "माझी शक्ती मी या माऊलीत सोडली! म्हणून तिच्या हातानं आत्मा शांत झाली!"

आणि काय सांगायचं, लोकांना ते पटलंही. स्क्रू डोळ्यांसमोर पडला होता, तरी नत्थूजी पुढे झाले आणि शांताबाईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. मागून दोन बाया आल्या. एकीनं लेकरू पुढे केलं.

"पाय सोडा, नत्थूजी, दुखतात!" शांताबाई करवादली. तिला धाप लागत होती, शब्द तुटत होते, तरी ती थांबली नाही. "माह्यात काई शक्ती नाही. मुतासंगं निघाचं पानी निंगत नाही अंगातून, शक्ती कुठली? या बिजागरीच्या स्क्रूपायी मी मराले टेकली. महिनाभर आवाज येऊन राहिला होता, पर एकानंबी हात लावून पाह्यला नाही. मीबी नाही. सुनेनं पाह्यला. आवाज आला तर आंधी हात लावून पाहा, कुठून येते थे पाहा. हात जोडाचे थे मंग जोडा. आन आता हटा वाटेतून, मले नागपूरले जायाचं हाय."

बाया मागे सरल्या. बाबा केव्हा निसटले ते कोणी पाहिलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन रस्ता मोकळा केला, आणि अंकुशनं आईला मागे उशीला टेकवून, वैशालीला तिच्या शेजारी बसवून गाडी काढली. वाटेतलं सावनेर यायच्या आत वैशालीला सासूच्या खांद्यावर झोप लागली. शांताबाईनं तिला एक वाजता दवाखाना येईपर्यंत उठवलं नाही.