भिंतीआडची सासू

सासूनं लग्नाची दारू पाजून जावयाला घरात घेईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. त्यामुळे कासोंदेला सासूच्या शिव्या भिंतीआडूनच खाव्या लागत.

"सांपा, तुझ्या नवऱ्याला इच्चार, शेंड्यावरच्या फांद्या काय वानरांसाठी ठेवल्यात?"

"ऐकलं त्यानं, आये. भिंत काय भैरी हाय?"

बायकोपायी, रीतीप्रमाणे, चार वर्षं तो सासुरवाडीत राबत होता. इथली जमीन वरून भुरी, हातभर खणली की लाल चिकण. पावसात पाय सोडत नाही, उन्हात विटेसारखी होते, आणि आंबट तर इतकी की राखेवाचून पेरलेली नाचणी वीतभर वाढून पिवळी पडते. म्हणून झाडांवर चढून त्यानं फांद्या छाटायच्या, सांपानं त्या डोक्यावरून वाहून रचायच्या, आणि पाऊस तोंडावर आला की मुखियाच्या हुकमानं पेटवायच्या. यंदाची नाचणी आली की तिची लग्नाची दारू होणार होती. मग बायकोला घेऊन तो आपल्या आईच्या गावी जायला मोकळा.

पावसाला अजून महिना होता, तेव्हा भिंत कुरकुरली, "कोरड्यासाबिगर नुस्ता नाचणीचा गोळा घशाखाली उतरत न्हाई."

सासूला खूश करावं म्हणून कासोंदेनं कोरड्यासाला उंदीर धरायला गवत पेटवलं. धुरानं उंदीर बिळाबाहेर येतात. सात मिळाले. आठव्यामागे तो धावला आणि तेवढ्यात वारा फिरला. आग रचलेल्या फांद्यांत शिरली. ओल्या डहाळीनं झोडून झोडून त्याचे हात भाजले, पण संध्याकाळपर्यंत सगळं जळालं. पुढचे दोन दिवस वारा राख उधळत राहिला. राख गेली म्हणजे यंदाची नाचणी गेली, आणि दारूही.

"पळून जाऊ या का?" सांपानं हळूच विचारलं.

"कुठं? माझ्या गावाला बी हीच लाल आंबट माती. पार सरोवरापत्तुर हीच. वर दारूबिगर तुला नेली, तर चोर म्हन्तील मला."

भिंतीआडून खाकरणं आलं. "सांपा, उंदरं झ्याक हुती म्हनावं. पाऊस सरला की नदीपल्याडची झाडं धरायची."

कासोंदेचा बांध फुटला. त्याला काही भान राहिलं नाही. "चार सालं झाली, मामी! आता तरी जाऊ द्या की मला!"

सांपानं आपल्या तोंडावर हात ठेवला.

"सांपा," भिंतीआडून आवाज आला, "माझ्याशी बोलायची दारू अजून गाळली न्हाई, म्हनावं त्याला. बोलला, त्याचं आनी एक साल."