मावशी उरो

समिधाला नववा महिना लागला आणि तिचा बाप हरिश्चंद्र बाईसारखा कामाला लागला. डिंक कुठल्या दुकानातला घ्यावा, अळीव किती भिजवावेत, बाळंतिणीला शेपू कधीपासून द्यावा, हे सगळं त्याने भाईंदर पूर्वेला भाजीवाल्यांपासून शेजारणींपर्यंत विचारून घेतलं. आपल्या जुन्या सुती लुंग्या उकळत्या पाण्यातून काढल्या, गच्चीत कडक उन्हात वाळवल्या आणि फाडून त्यांची बाळोती केली. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगचं काम करून त्याचे हात राठ झाले होते. कापड मऊ झालंय की नाही हे त्या हातांना कळेना, म्हणून तो ते गालाला लावून बघायचा.

बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात थांबवून विचारायच्या, "हरीकाका, कितवा चाललाय तुम्हाला?"

"नववा. पाय सुजलेत, जिना चढवत नाही."

बायका हसायच्या. तोही हसायचा.

त्याची बायको उर्मिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत. आई गेली म्हणून समिधाचं माहेर बुडालं असं कुणी म्हणता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. उर्मिलासाठी त्याला काही करता आलं नव्हतं. हे तरी करायचं होतं.

पण तपासणीला गेले तेव्हा हॉस्पिटलमधल्या सिस्टरने नाव लिहिता लिहिता विचारलं, "साथ में लेडीज कौन है?"

"मैं हूँ ना. मी वडील आहे तिचा."

"काका, लेडीज पूछा मैंने." सिस्टरने मान वर केली आणि ती मराठीवर आली. "वॉर्डात सगळ्या बाळंतिणी असतात. पुरुष जाळीच्या बाहेर. संध्याकाळी भेटायच्या वेळेला तेवढं आत सोडतात. पेशंटजवळ एक बाई पाहिजे, नात्यातली असली तर बरं. हिला बाथरूमला कोण नेणार? टाके पडले तर बाळ उचलून कोण देणार?"

"मी शिकलोय सगळं."

"शिकला असाल. पण बाकीच्या बायकांनी काय करायचं? तुम्ही बसलेले असताना पोराला पाजायचं कसं?"

बाकावरच्या दोघी तोंडाला ओढणी लावून हसल्या. समिधाने मान खाली घातली. हरिश्चंद्रला कानामागे गरम वाटलं. बाळाचं डोकं खाली सरकलंय, आता कधीही होईल, बॅग भरून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बॅग तर कधीच भरून दाराशी ठेवली होती. बाई कुठून आणायची?

रिक्षात बसल्यावर समिधा म्हणाली, "पप्पा, मावशीला विचारा ना."

"खड्डे आहेत. धरून बस."

"पप्पा."

"तिचं नाव काढू नकोस."

मावशी म्हणजे सुलू, उर्मिलाची धाकटी बहीण. उर्मिलाला कावीळ झाली तेव्हा सुलूनेच गावाकडच्या एका माणसाकडून मुळीचा काढा आणला होता. उर्मिलाचा त्यावर विश्वास, सुलूचा तर त्याहून जास्त. काढा चालला, पथ्य चाललं, आणि हॉस्पिटलात नेलं तेव्हा लिव्हर पार गेलेलं होतं. तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलेलं असताना हरिश्चंद्रने सुलूकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हिने मारली माझी बायको. हिला माझ्या दारात पाय ठेवू देऊ नका." सुलूने हातातलं ताट खाली ठेवलं होतं आणि चप्पल घालून निघून गेली होती. त्यानंतर ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी समिधाची सासू शुभदा बेव्हर्ली पार्कहून आली. सोबत सफरचंदं, नवा थर्मास आणि जावई अनिश. सिस्टर काय म्हणाली ते समिधाने अनिशला फोनवर सांगितलं होतं आणि अनिशने आईला.

"मी काय म्हणते, हरिश्चंद्रराव," शुभदाने सोफ्यावर टेकता टेकता सुरुवात केली, "तुम्ही खूप केलंत. पुरुषाने इतकं केलेलं मी तरी बघितलं नाही. आता हिला आम्ही नेतो. आमच्याकडे लिफ्ट आहे, मी आहे, वरकामाची बाई आहे."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, विहीणबाई."

"असतं ना. पण माहेर आईचं असतं हो. राग मानू नका."

अनिशने मोबाइलमध्ये डोकं घातलं. हरिश्चंद्रने राग मानला.

"आईशिवाय माहेर म्हणजे नुसती खोली," शुभदा पुढे म्हणाली. "तिथे तिच्याजवळ बसणार कोण? तुम्ही जाळीबाहेर बसून काय करणार, टाळ्या वाजवणार?"

"बाईमाणूस मिळेल."

"मिळालं तर उत्तमच. मी परवा सकाळी येते. तोवर मिळालं नसेल तर आम्ही हिला घेऊन जातो. ऐन वेळेला धावाधाव नको."

समिधा पोटावर हात ठेवून पंख्याकडे बघत होती. तिला काय हवंय हे तिने एकदा सांगून टाकलं होतं, ते परत सांगायला ती तयार नव्हती.

हरिश्चंद्र शोधायला लागला. आया पुरवणाऱ्या ऑफिसातून एक बाई येऊन गेली. बाई चांगली होती, पण समिधाने दार लागल्यावर सांगितलं, "मी नाही तिच्यासमोर कपडे सोडणार. सॉरी." मग तो शेजारच्या गोदूबाईकडे गेला. गोदूबाई इथल्या मूळ गावातली, साताठ बाळंतपणं हाताखालून गेलेली म्हातारी. ती पाय पसरून, गुडघ्यांना तेल लावत बसली होती.

"माझे गुडघे बघ," ती म्हणाली. "मना सोतालाच बाथरूमला न्यायला कुणीतरी लागतंय, मी तुझे पोरीला काय नेणार? आन् तिला मावशी हाय ना?"

"आहे."

"मंग? माय मरो पन मावशी उरो म्हंतात. तुझी मावशी उरलीय ना? जा, घेऊन ये."

म्हातारीने सहज म्हटलं, पण हरिश्चंद्रला ते कुणीतरी तोंडावर मारल्यासारखं लागलं. तो उठला आणि बाहेर आला. जिन्यात उभा राहिला. बाकी सगळी दारं वाजवून झाली होती.

संध्याकाळी तो काशीमीऱ्याला गेला. हायवेलगतच्या गॅरेजांमागे सुलूची खोली होती. तिचा नवरा सदू ट्रकना रंग द्यायचा. तो दारातच बसून रॉकेलने हाताचा रंग काढत होता. हरिश्चंद्रला बघून त्याने नुसतं आत ओरडून सांगितलं, "पाव्हणे आलेत गं," आणि कडेला सरकला.

सुलू पोळ्या लाटत होती. ती थांबली नाही.

"बसा म्हणू की नको, भावजी? तुमच्या दारात मला बंदी आहे, माझ्या दाराचं काही ठरलेलं नाही."

तो उभाच राहिला. "समिधाला बाईमाणूस पाहिजे. हॉस्पिटलात. आता कधीही होईल."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"ती फोन करते मला. दर आठवड्याला. पाय कुठे सुजलेत, बाळ कधी हललं, सगळं सांगते." सुलूने पोळी तव्यावर टाकली. "तुम्हाला कुणी काही सांगत नाही, तो माझा दोष नाही."

हरिश्चंद्रच्या डोळ्यांपुढून मागची दोन वर्षं गेली. समिधा माहेरी आली की गच्चीत कपडे वाळत घालायला जायची ती अर्धा तास यायची नाही. तो समजायचा, पोर एकटीच आईसाठी रडत असेल.

"येशील का?" त्याने विचारलं.

"बाई म्हणून मारणारीच सापडली का तुम्हाला?"

त्याने चौकटीला हात टेकला.

"येईन," सुलू म्हणाली. "उर्मीची पोर आहे, न येऊन सांगते कुणाला. पण तुम्ही चारचौघांत बोललात, ते चारचौघांत मागे घ्या. दाराबाहेर उभी राहीन मी. घेतलंत तर आत येईन."

"सुलू, खोटं कसं बोलू?"

आता तिचं लाटणं थांबलं. बाहेर सदूचं हात घासणंही थांबलं.

"मी पण तेच घेतलं होतं," ती म्हणाली. "तिच्या आधी चार वर्षं. त्याच माणसाकडून, तोच काढा. मी हळदीसारखी पिवळी झालेले, सदूला विचारा. मी बरी झाले. म्हणून तिला दिलं. ती गेली. मी काय करू, भावजी? मी पण मरायला पाहिजे होतं का?"

हरिश्चंद्रच्या तोंडात 'हो' आलं होतं. ते त्याने गिळलं. जाताना पोळी करपल्याचा वास येत होता आणि सुलू तव्याकडे बघतसुद्धा नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी शुभदा आणि अनिश आले. अनिशने गाडी खाली लावली होती. गोदूबाईही काठी टेकत येऊन बसली, तिला काय होतंय ते बघायचंच होतं. समिधा आतल्या खोलीच्या चौकटीला धरून उभी होती. सासरी जायला तिने आपले कपडे वेगळे भरून ठेवले होते की नव्हते, हे हरिश्चंद्रने विचारलं नव्हतं.

"मग, मिळालं का कुणी?" शुभदाने विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. सुलू उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात चप्पल तशीच. ती आत डोकावलीसुद्धा नाही. समोरच्या भिंतीवर उर्मिलाचा फोटो होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"ये ना, बाहेर का उभी?" गोदूबाई म्हणाली.

"भावजींना बोलायचंय," सुलू म्हणाली.

सगळे हरिश्चंद्रकडे बघायला लागले. त्याला वाटलं, नको. जाऊ दे पोरीला बेव्हर्ली पार्कला, लिफ्टने वर चढेल, सुखात राहील. आपलं मन तरी आपल्याजवळ राहील. त्याने समिधाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती मावशीकडे बघत होती, आणि तिची हनुवटी लहानपणी हलायची तशी हलत होती.

"सुलूने मारलं नाही उर्मिलाला," तो म्हणाला. आवाज बारीक आला म्हणून त्याने परत म्हटलं, "हिने काही केलं नाही. तेराव्याला मी बोललो ते चुकीचं बोललो."

गोदूबाईने मान हलवली.

"मनातून नाही बोललात," सुलू म्हणाली.

"नाही."

"चालेल. मला लोकांच्या कानावर जायला पाहिजे होतं." तिने चप्पल काढली आणि आत आली. समिधा तिच्या गळ्यात पडली. मोठं पोट मधे येत होतं, तरी पडली आणि हुंदके द्यायला लागली.

शुभदा उठली. पदर सारखा केला. "चला, बरं झालं. मावशी आल्या म्हणजे आमची गरज नाही." मग दारापर्यंत गेली आणि वळली. "फक्त एक सांगते हं. काढाबिढा काही देऊ नका हिला. एकदा झालं तेवढं पुरे."

सुलूचा चेहरा पांढरा पडला. हे शब्द हरिश्चंद्रचेच होते. दोन वर्षं तो हेच म्हणत आला होता, गाळ्यात, जिन्यात, झोपेत. आता ते दुसऱ्याच्या तोंडून आले, आणि सगळे परत त्याच्याकडे बघायला लागले. मघाशी एवढं बोललेला माणूस आता गप्प कसा बसणार?

"ती असं काही देणार नाही, विहीणबाई," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुमच्यावर आहे हो," शुभदा म्हणाली आणि जिना उतरली. तिच्यामागून अनिश, हातात रिकामी पिशवी घेऊन.

गोदूबाई म्हणाली, "मिटलं एकदाचं," आणि चहा मागून घेतला.

दुपारपर्यंत घर सुलूचं झालं. तिने दाराशी ठेवलेली बॅग उघडून पलंगावर पालथी केली आणि परत भरली. "हे काय, तीन टॉवेल? आणि गाऊन एकच? पुढून बटणं लागतात गाऊनला, बाळाला पाजायला, हे कुणी सांगितलं नाही का?" बाळोती तिने हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "ही चांगली केलीत." एवढं एकच तिने त्याचं ठेवलं. डिंकाचे लाडू तिने चाखून डबा बाजूला सारला. मग समिधाच्या कमरेला तेल लावायला घेतलं आणि आतून सांगितलं, "भावजी, जरा बाहेर बसा. दार लावतेय."

दार लागलं. हरिश्चंद्र स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या जागेत उभा राहिला. आतून दोघींचं बोलणं यायला लागलं, आधी हळू, मग मोठ्याने. सुलूने काहीतरी सांगितलं आणि समिधा खदखदून हसली. "अगं नको हसवू, बाळंत होईन इथेच!" असं म्हणत परत हसली. महिनाभर तो तिच्यासाठी राबत होता, पण ती अशी हसली नव्हती.

त्याला हवं होतं ते मिळालं होतं. पोर माहेरी होती. उद्या-परवा कळा आल्या की सुलू तिला धरून आत जाईल आणि तो बाहेर बाकड्यावर बसेल. लोक म्हणतील, आई नसून बापाने माहेरपण केलं. ते सगळं ठीक होतं. पण दोन वर्षं सकाळी उठल्यावर बाजूची गादी रिकामी दिसली की तो सुलूला मनातल्या मनात शिव्या घालायचा, आणि मग दिवस सुरू व्हायचा. आता शिव्या कुणाला घालणार? काढ्याला? उर्मिलाला? तिनेच तर हट्टाने घेतला होता. तो गाळ्यावरून यायचा तेव्हा ती डोळ्यांचा पिवळेपणा लपवायला दिवा मालवून बसायची. हे त्याला माहीत होतं. ते त्याने सुलूच्या नावाखाली ढकलून ठेवलं होतं. आता ढकलायला जागा नव्हती.

तासाभराने सुलू बाहेर आली, हात धुतले आणि जेवायला वाढलं. भात आणि बोंबलाचं कालवण. ताट त्याच्यासमोर ठेवून ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"जेवा. मीठ बरोबर आहे का सांगा."

त्याने घास घेतला. कालवण उर्मिला करायची तसंच होतं. एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या दोघी, वेगळं कसं होईल? कोकम तेवढंच, तिखट तेवढंच.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

सुलू आत गेली. तो खाली मान घालून जेवत राहिला. घास उतरत नव्हता, पण ताटात टाकलं तर ती विचारेल, म्हणून त्याने सगळं संपवलं.